शेवटची नोंद दोनदा: सीमधल्या एका ‘संपेपर्यंत वाच’ लूपचं प्रकरण

१४, ०, ३२, ७, २१, ०, १२. सात दिवसांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. हातानं बेरीज केली तर ८६ येते. प्रोग्रॅम ९८ सांगत होता.

प्रोग्रॅम पदविकेच्या एका विद्यार्थिनीचा. तिच्या शेतावर पर्जन्यमापक आहे. वडील रोज सकाळी साडेआठला पाणी मोजतात, कारण हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंदही त्याच वेळेची असते, आणि आकडा वहीत लिहून ठेवतात. मिनी प्रोजेक्टसाठी तिनं वहीतले आकडे टेक्स्ट फाइलमध्ये उतरवले, एका ओळीवर एक. रोज खाली एक ओळ वाढते, त्यामुळे फाइलमध्ये किती आकडे असतील हे प्रोग्रॅम लिहिताना ठरवता येत नाही. संपेपर्यंत वाचायचं, बेरीज करायची, दिवस मोजायचे आणि शेवटी सरासरी छापायची. सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे काम येतं. ‘आधी एन किती ते सांगा, मग एन आकडे द्या’ असे सराव आपण विद्यार्थ्यांकडून ढीगभर करून घेतो. प्रत्यक्षात डेटा आपली संख्या सांगत येत नाही, म्हणून हे संपेपर्यंत वाचणं त्याहून आधी आणि त्याहून नीट शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

चूक लगेच सापडली नाही, याचं कारण आकड्यांतच आहे. पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅम फक्त सरासरी छापायचा. खरी सरासरी १२.२९, प्रोग्रॅमची १२.२५. शेवटचा आकडा सरासरीच्या जवळ होता, म्हणून तो दोनदा धरला तरी सरासरी जागची फारशी हलली नाही. शेवटच्या दिवशी पाऊसच नसेल तर शून्य दोनदा मिळवलं जातं. मग बेरीज अगदी बरोबर येते आणि दिवस तेवढा एक जास्त होतो. त्याच आठवड्यात शेवटच्या दिवशी १२ ऐवजी ९० मिलिमीटर कोसळला असता तर खरी सरासरी २३.४३ आणि छापलेली ३१.७५ आली असती. तेव्हा कुणाच्याही डोळ्यांवर आलं असतं. अहवालात बेरीज आणि दिवस हवेत म्हणून तिनं प्रिंटएफच्या, म्हणजे छापणाऱ्या फंक्शनच्या, दोन ओळी वाढवल्या, तेव्हा कुठे ९८ आणि ८ हे आकडे समोर आले.

तिची तक्रार मात्र वेगळीच होती. “सर, घरी बरोबर येतं. इथल्या मशीनवरच चुकतं.”

घरी विंडोज, फाइल नोटपॅडमध्ये टाइप केलेली. प्रयोगशाळेत उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, फाइल नॅनो या एडिटरमध्ये टाइप केलेली. आकडे तेच, प्रोग्रॅमची ओळन् ओळ तीच. अशा वेळी संशय कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्यावर, जातो आणि बहुतेक वेळा तो तिथे नसतो. पडताळा सोपा आहे: घरची फाइल पेनड्राइव्हवरून आणून उबुंटूवरच्या त्याच प्रोग्रॅमला द्यायची. दिली. उत्तर ८६, दिवस ७. म्हणजे कंपायलर सुटला, फरक फाइलमध्ये आहे.

फाइलचे बाइट मोजले. प्रयोगशाळेतली फाइल १८ बाइटची, घरची २३ बाइटची. आकड्यांची अक्षरं दोन्ही फाइलींत प्रत्येकी अकराच. नॅनोच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीनंतर एक न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याचा बाइट, सात ओळींच्या सात. अकरा अधिक सात, अठरा. नोटपॅड प्रत्येक एंटरला दोन बाइट टाकतो, कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन. पण तिनं शेवटच्या आकड्यानंतर एंटर दाबलंच नव्हतं, म्हणून सहा एंटरचे बारा बाइट. अकरा अधिक बारा, तेवीस. ओडी ही कमांड उणे-सी लावून चालवली की फाइलची शेपटी उघडी दिसते: एका फाइलमध्ये ‘१’, ‘२’, न्यूलाइन, दुसरीत ‘१’, ‘२’ आणि पुढे काहीच नाही. सगळं प्रकरण त्या एका बाइटभोवती फिरतं.

युनिक्सच्या जगात ओळ म्हणजे न्यूलाइननं संपणारी अक्षरं, अगदी शेवटची ओळसुद्धा. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकात तशी व्याख्याच आहे. व्हीआय, नॅनो असे एडिटर ही न्यूलाइन आपणहून घालतात. नोटपॅड घालत नाही, तुम्ही टाइप कराल तेवढंच ठेवतो. ओळी मोजणारी डब्ल्यूसी कमांड प्रत्यक्षात न्यूलाइन मोजते, म्हणून घरच्या फाइलला ती सहाच ओळी सांगते. दोन्ही फाइली आपापल्या जागी रास्त आहेत. प्रोग्रॅम असा हवा की दोन्ही वाचून एकच उत्तर देईल.

लूप काय करत होता

लूप म्हणजे अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी. लूपच्या डोक्यावर व्हाइल आणि कंसात अट ‘नॉट एफईओएफ’, म्हणजे इनपुटचा शेवट झालेला नाही तोवर. आत तीन ओळी: स्कॅनएफ या वाचणाऱ्या फंक्शनला टक्का-डी देऊन एक पूर्णांक ‘मिमी’ या व्हेरिएबलमध्ये वाच, तो बेरजेत मिळव, दिवस एकनं वाढव. फाइल शेलवरून, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमवरून, ‘पेक्षा लहान’चं चिन्ह लावून स्टँडर्ड इनपुटवर वळवलेली. मोठ्यानं वाचून पाहा: ‘शेवट झाला नाही तोवर वाच, मिळव, मोज’. कानाला पूर्ण बरोबर वाटतं. इतकं बरोबर वाटतं की ही अट पुस्तकांत, नोट्समध्ये आणि तोंडी परीक्षेच्या उत्तरांत सर्रास सापडते.

एफईओएफ हे फंक्शन पुढे डोकावून बघत नाही. स्ट्रीमवर, म्हणजे इनपुट ज्यातून येतं त्या प्रवाहावर, एक खूण असते, ‘शेवट लागला’ अशी. मागच्या एखाद्या वाचनानं पुढे जायचा प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही, तरच ती खूण लागते. एफईओएफ ती खूण लागली आहे का एवढंच सांगतं. विहिरीतलं पाणी संपल्याचं बादली रिकामी वर आल्यावरच कळतं. बादली सोडण्याआधी दोरीला विचारून उपयोग नाही.

आता प्रयोगशाळेतली फाइल घेऊन शेवटच्या दोन फेऱ्या सावकाश चालवू. सातव्या फेरीत स्कॅनएफ ‘१’ वाचतो, ‘२’ वाचतो, मग न्यूलाइन दिसते. ती अंकात बसत नाही, म्हणून तो तिला स्ट्रीमवर परत ठेवतो आणि ‘मिमी’मध्ये १२ भरून परततो. फाइलमध्ये अजून एक बाइट शिल्लक आहे, शेवट कुणाला लागलेलाच नाही, खूण कोरी. अट खरी ठरते आणि आठवी फेरी सुरू होते. स्कॅनएफ उरलेली न्यूलाइन मोकळी जागा म्हणून ओलांडतो, पुढे अंक शोधतो आणि तिथे शेवट लागतो. खूण आत्ता लागली. स्कॅनएफ ईओएफ, म्हणजे ‘शेवट’ ही ठरलेली किंमत, परत करतो आणि ‘मिमी’ला हातही लावत नाही, तिथे मागचे १२ तसेच बसलेले. पुढची ओळ ते इमानेइतबारे बेरजेत मिळवते, त्यापुढची दिवस वाढवते. मग अट तपासली जाते आणि लूप थांबतो, एक फेरी उशिरा.

घरच्या फाइलमध्ये सातव्याच फेरीत ‘२’नंतर स्कॅनएफ आणखी अंक आहे का पाहायला जातो आणि तिथेच शेवटाला धडकतो. खूण लागली, शिवाय १२ही मिळाले. अट वेळेवर खोटी होते. घरचं बरोबर उत्तर फाइलच्या शेवटी एंटर न दाबल्यामुळे आलेलं होतं. लूप दोन्ही ठिकाणी सारखाच चुकीचा होता.

फाइल पूर्ण रिकामी असेल तर हाच लूप आणखी वाईट वागतो. पहिल्या तपासणीला खूण कोरी असल्यामुळे एक फेरी होतेच. स्कॅनएफ रिकाम्या हातानं परततो, आणि ‘मिमी’ला आधी काही दिलेलंच नसल्यामुळे तिथे जी काही कचरा किंमत असेल ती एका दिवसाचा पाऊस म्हणून छापली जाते.

या अटीची ओढ नुसत्या वाचनातून येते असं नाही. निक्लाऊस व्हिर्ट यांच्या पास्कल या भाषेत हीच रचना बरोबर आहे. तिथे फाइलवर पुढच्या घटकाची एक खिडकी सतत उघडी असते, आणि ईओएफ हे फंक्शन वाचण्याआधीच पुढे काही आहे की नाही ते सांगतं. ‘व्हाइल नॉट ईओएफ डू’ ही पास्कलची शुद्ध ओळ. बरीच वर्षं शिक्षणात पास्कल आधी आणि सी नंतर येत असे, त्यामुळे ती ओळ वेश बदलून सीमध्ये आली असणार असं मला वाटतं. सीनं मात्र वेगळा करार केला: वाचणारं फंक्शनच आपल्या परत किमतीतून सांगेल की हाती काय लागलं.

ती परत किंमत या प्रोग्रॅममध्ये कुणी पाहतच नव्हतं. एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: उबुंटूवर जीसीसी या कंपायलरला उणे-ओ-२, म्हणजे ऑप्टिमायझेशनचा पर्याय, देऊन हाच प्रोग्रॅम कंपाइल केला तर तो स्वतःहून इशारा देतो की स्कॅनएफची परत किंमत तुम्ही वाऱ्यावर सोडली आहे. ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल केलं तर गप्प राहतो, आणि प्रयोगशाळेत सगळे तसंच करतात. नेमका आजार एका ओळीत सांगणारा इशारा हाताशी होता, तो कुणाला दिसला नाही.

पहिली दुरुस्ती आणि तिचं पुढचं दुखणं

तिनं लूप बदलला. स्कॅनएफ अटीतच घेतला: स्कॅनएफची परत किंमत ईओएफ नसेल तोवर. आता दोन्ही फाइलींना ८६ आणि ७. रिकाम्या फाइलला लूपमध्ये एकही फेरी नाही. दिशा अगदी बरोबर. वाचन अटीत गेलं की निम्मं काम होतं.

मग महिन्याची फाइल आली, आणि प्रोग्रॅम थांबेना. स्क्रीनवर काही नाही, पंखा जोरात, एक कोअर शंभर टक्के. फाइल उघडून पाहिली तर मधल्या एका ओळीवर ‘३२’ असं देवनागरीत होतं. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असताना ती एक नोंद टाइप झाली होती. बाकीचे आकडे इंग्रजी होते.

स्कॅनएफला टक्का-डीसाठी साधे आस्की, म्हणजे इंग्रजी, अंक लागतात. देवनागरी ३ हा यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचा असतो: २२४, १६५, १६९. पहिलाच बाइट २२४ दिसला की स्कॅनएफच्या लेखी हा अंक नव्हे. तो बाइट स्ट्रीमवर जागच्या जागी राहतो आणि स्कॅनएफ शून्य परत करतो, म्हणजे ‘इनपुट आहे, पण एकही किंमत भरता आली नाही’. शून्य म्हणजे ईओएफ नव्हे, म्हणून अट खरी. पुढची फेरी, तोच बाइट, पुन्हा शून्य. मागची किंमत बेरजेत पडत राहते, आणि शेवट कधी येणारच नाही, कारण शेवटाच्या वाटेवर तो बाइट आडवा पडला आहे.

फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून साठवली तरी हेच झालं असतं, आणि तेही पहिल्याच आकड्याला. विंडोज १० ची १९०३ ही आवृत्ती येईपर्यंत नोटपॅड अशा फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट न सांगता घालत असे. एडिटरमध्ये ते दिसत नाहीत, स्कॅनएफला दिसतात.

म्हणून अट ‘ईओएफ नाही’ अशी ठेवू नये. ‘मला हव्या होत्या तेवढ्या किमती मिळाल्या’ अशी ठेवावी. एक पूर्णांक वाचायचा असेल तर परत किंमत बरोबर १ आहे का हे पाहायचं. दोन वाचायचे असतील तर २. शेवट आला, अक्षर आलं, डिस्कनं दगा दिला, कशामुळेही लूप थांबतो. मग लूपबाहेर आल्यावर का थांबला ते विचारायचं. एफईओएफची खरी जागा ही आहे: लूपनंतर, कारण शोधताना. त्याच्या शेजारी एफएरर, म्हणजे त्रुटीची खूण सांगणारं फंक्शन, कारण वाचताना त्रुटी आली तरी बहुतेक फंक्शनं तीच ईओएफ किंमत परत करतात. ईओएफ मिळालं म्हणजे सगळं वाचून झालंच असं नाही.

कीबोर्डवरून देताना

फाइल नसेल तेव्हा ती आकडे कीबोर्डवरून द्यायची, आणि ‘संपलं’ हे प्रोग्रॅमला कसं सांगायचं यावर त्या बॅचमध्ये वेगवेगळी मतं होती. कुणी कंट्रोल-सी दाबायचं. त्यानं प्रोग्रॅमच मरतो, लूपनंतरची सरासरी छापली जात नाही. कुणी टर्बो सीच्या सवयीनं कंट्रोल-झेड दाबायचं. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत टर्बो सी अजून डॉसबॉक्समधून चालतं, तिथे ही कळ योग्यच आहे. लिनक्सवर ती प्रोग्रॅम थांबवून मागे ठेवते, संपवत नाही. जॉब्स ही कमांड दिली की अर्धवट थांबलेल्या प्रोग्रॅमांची रांग दिसते. कुणी उणे एक टाइप केलं की थांब असा नियम केला होता. पावसाला तो चालेल, पण हाच प्रोग्रॅम उद्या महाबळेश्वरच्या थंडीतलं तापमान वाचायला घेतला तर उणे एक ही खरी नोंद असू शकते.

कंट्रोल-झेडचं मूळ सीपी-एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्ये मोजली जायची, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपतो हे दाखवायला मजकुराच्या शेवटी २६ हा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, लिहीत. डॉसनं ती रीत घेतली, विंडोजनं ठेवली. आजही विंडोजवर सीची फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली आणि मध्येच २६ हा बाइट आला, तर वाचन तिथेच थांबतं. कीबोर्डवर ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-झेड आणि मग एंटर.

लिनक्सवर कंट्रोल-डी, पण त्याचं काम बरंच वेगळं आहे. ते प्रोग्रॅमपर्यंत अक्षर म्हणून पोचतच नाही. टर्मिनल ओळीच्या हिशोबानं चालतं. एंटर दाबेपर्यंत टाइप केलेलं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःकडे जमवून ठेवतो. कंट्रोल-डी म्हणजे ‘जमलं असेल तेवढं आत्ता दे’. ओळीच्या सुरुवातीला काहीच जमलेलं नसतं, म्हणून रीड या सिस्टिम कॉलला शून्य बाइट मिळतात, आणि शून्य बाइट म्हणजेच शेवट. १२ टाइप करून एंटर न दाबता कंट्रोल-डी दाबलं तर ते दोन बाइट पुढे जातात आणि प्रोग्रॅम आणखी अंकांची वाट पाहत बसतो. दुसऱ्यांदा दाबलं की शून्य बाइट, मग शेवट.

इथेच तिची दुसरी तक्रार आली: “सर, टर्मिनलच बंद झालं.” दोनदा दाबून संपत नाही असं वाटून तिनं तिसऱ्यांदा दाबलं होतं, तोवर प्रोग्रॅम संपला होता आणि तिसरं कंट्रोल-डी शेलला मिळालं. शेलही संपेपर्यंत वाचणारा एक लूपच आहे. त्याला शेवट मिळाला, तो बाहेर पडला.

मात्र जुन्या मशीनवर त्या स्थितीत तिसऱ्यांदा दाबावंच लागायचं, आणि दोन पिढ्यांच्या सवयी यामुळे जुळत नाहीत. लिनक्सवरची सीची लायब्ररी जीलिबसी, तिच्या २०१८ मध्ये आलेल्या २.२८ या आवृत्तीपासून स्ट्रीमवर एकदा शेवटाची खूण लागली की ती पुसेपर्यंत वाचणारी सगळी फंक्शनं शेवटच सांगतात. त्याआधी लायब्ररी खूण लागलेली असूनही पुन्हा टर्मिनलकडे वाचायला जायची. सी ९९ मानकाशी हे जुळत नव्हतं आणि ती त्रुटी बराच काळ नोंदलेली होती.

शेवटी राहिलेला प्रोग्रॅम

लूप आता ओळीवर चालतो. व्हाइलच्या अटीत एफगेट्स: एक ओळ वाच, मिळालेला पॉइंटर (ओळीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, नसेल तोवर आत ये. शेवटच्या ओळीला न्यूलाइन असो वा नसो, एफगेट्स ती ओळ देतो आणि पुढच्या हाकेला नल देतो. नोटपॅड आणि नॅनोमधला भेद इथेच मिटतो. त्याच्या जागी गेट्स हे ओळ वाचणारं जुनं फंक्शन वापरायचं नाही. त्याला बफर, म्हणजे ओळ ठेवायची जागा, किती मोठा आहे हेच माहीत नसतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमनं फिंगर सेवेतल्या अशाच एका गेट्समधून वाट काढली होती, आणि सी ११ नं ते फंक्शन मानकातून काढूनच टाकलं.

ओळ हातात आली की स्ट्रटोल या फंक्शननं तिचा आकडा करायचा. स्ट्रटोल कुठपर्यंत वाचलं तो पॉइंटर परत देतो. तो ओळीच्या सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हता. आकड्यानंतर मोकळ्या जागेशिवाय काही उरलं असेल तर ओळ संशयास्पद. अशी ओळ आली की ओळक्रमांकासह स्टँडर्ड एररवर सांगायचं, ती मोजायची नाही, आणि पुढे जायचं. वाईट ओळ आता रस्त्यात आडवी पडत नाही, कारण ती आधीच उचललेली असते.

याचा एक फायदा शेतीच्या हिशोबात दिसला. वडील गावाला गेले की वहीत त्या दिवशी रेघ असते. आता फाइलमध्येही रेघ लिहिता येते. प्रोग्रॅम तिला शून्य धरत नाही आणि दिवसांतही मोजत नाही. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरासरी आणि पावसाळी दिवस काढताना त्या मिसळल्या तर सगळं गणित बिघडतं. पावसाळी दिवसाला हवामान खात्याची मर्यादा अडीच मिलिमीटरची आहे.

लूपनंतर एफएरर तपासतो. ती ओळ खरंच चालते का हे पाहायला एक सोपा प्रयोग आहे: फाइलऐवजी एखादा फोल्डर इनपुटवर वळवायचा. शेल तक्रार करत नाही, पण वाचन फसतं आणि एफगेट्स पहिल्याच हाकेला नल देतो. एफएरर तपासला नाही तर प्रोग्रॅमला ती रिकामी फाइल वाटते. दिवस शून्य असतील तर भागाकार न करता ‘नोंद नाही’ छापायचं.

फाइलमधल्या ओळी आणि प्रोग्रॅमचे दिवस जुळतात का, हे पाहायला तिच्या वर्गमित्रानं गेटकॅर या एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शननं न्यूलाइन मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यानं अक्षर कॅर या एका बाइटच्या प्रकारात ठेवलं होतं. त्याच्या लॅपटॉपवर चाललं; रास्पबेरी पायवर लूप थांबेचना. गेटकॅर इंट, म्हणजे मोठा पूर्णांक, परत करतो, आणि त्याला कारण आहे: बाइटच्या २५६ किमती असू शकतात आणि त्यापलीकडे ‘शेवट’ ही आणखी एक, एकूण २५७. त्या एका बाइटमध्ये मावत नाहीत. एआरएमवरच्या, म्हणजे पायच्या प्रोसेसरवरच्या, लिनक्समध्ये कॅर अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेला) असतो, त्यामुळे ईओएफच्या उणे एकचे २५५ होतात आणि ईओएफशी कधीच जुळत नाहीत. लॅपटॉपवर कॅर साइन्ड असल्यामुळे जुळतात, पण खरा २५५ बाइट आला तरीही जुळतात. यूटीएफ-८ मध्ये २५५ कधी येत नाही म्हणून चूक झाकून राहते. हीच मराठी फाइल नोटपॅडच्या जुन्या ‘युनिकोड’ पर्यायानं साठवली तर तिचे पहिले दोन बाइट २५५ आणि २५४ असतात, आणि लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम भरलेल्या फाइलला पहिल्याच बाइटला ‘शून्य ओळी’ म्हणून मोकळा होतो. कॅरच्या जागी इंट लिहिलं की दोन्ही दुखणी एकदम जातात.

आता तिला फाइलमध्ये नवी ओळ पडली की सरासरी लगेच बदललेली दिसायला हवी आहे. टेल ही कमांड उणे-एफ लावून तिचं आउटपुट पाइपनं, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट करणाऱ्या जोडणीनं, प्रोग्रॅमला जोडून तिनं पाहिलं. प्रोग्रॅम काहीच छापेना. पाइपचा शेवट तेव्हाच येतो जेव्हा लिहिणाऱ्या बाजूची सगळी टोकं बंद होतात, आणि टेल ते टोक कधीच बंद करत नाही. त्यामुळे लूपनंतरची ओळ येणारच नाही. सरासरी लूपच्या आत आणली आहे, प्रत्येक चांगल्या नोंदीनंतर छापायची, आणि आउटपुट दुसऱ्या पाइपमध्ये जाणार असेल तर छापल्यावर लगेच एफफ्लश, म्हणजे साठलेलं आउटपुट पुढे ढकलणारं फंक्शन.